जबाबातला शब्द

बडोद्यात अजून तीन-चार माणसे अशी आहेत की जी मला ‘युजुअली मास्तर’ म्हणतात. सगळी सत्तरीच्या पलीकडची. कुणी दवाखान्याच्या बाकावर भेटते, कुणी भाजीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी. “कां युजुअली मास्तर, मजामां?” असे विचारून हसतात. मीही हसतो. चौतीस वर्षे मी गुजराती माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले, त्यामुळे नव्या माणसाला वाटते की हे नाव मुलांनी ठेवले असेल. तसे नाही. ते माझ्या वडिलांच्या गिरणीतले नाव आहे आणि मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधी पडलेले आहे. ज्या गोष्टीवरून ते पडले ती आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. पोराने बापाचा जबाब इंग्रजीत लिहिला, एक शब्द चुकला आणि बापाचे बॉयलर गेले. लग्नाकार्यात जेवणे उरकली की कुणीतरी ती सांगतेच. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे फक्त मला ठाऊक आहे, असे मी गेल्या महिन्यापर्यंत समजत होतो.

आम्ही तेव्हा नागरवाड्यात माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई, बाबा, मी आणि माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेली शकू. आजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांची तलवार फडक्यात गुंडाळून मोठ्या ट्रंकेमागे उभी असायची, ती दसऱ्याला बाहेर निघायची आणि एरवी शकूची दोरीवरची उडी तिला लागली की खणखणायची. बाबांच्या वाट्याला पागा आली नाही, गिरणीतले बॉयलर आले. “घोडा गेला आणि बॉयलर आलं,” ते म्हणायचे. “दोघांनाही पाणी वेळेवर लागतं. दोघंही लाथ मारतात.” आई हे ऐकून नेहमी एकच उत्तर द्यायची, “घोड्याला निदान लीद तरी होते, चुलीला उपयोगी पडते.” आई बोलायची मराठी, पण भांडायची गुजरातीत. भाजीवालीशी, घरमालकिणीशी आणि कधी कधी बाबांशीही. तिचे म्हणणे असे की मराठीत भांडले की मनाला लागते, गुजरातीत भांडले की नुसता हिशेब चुकता होतो.

बाबांच्या हातात बॉयलर होते म्हणजे गिरणीचा भोंगाही होता. सकाळी सातला तो व्हायचा आणि आमच्या घरातले सगळे त्यावर चालायचे. भोंगा झाला की आई तवा टाकायची, शकू वेण्या घालून घ्यायला बसायची. तो आवाज बाबांच्या हाताचा होता हे आम्हाला कळायचे. आधी लांबलचक एकसारखा, मग किंचित खाली येऊन पुन्हा चढणारा आणि शेवटी तुटल्यासारखा बंद. आई तवा टाकता टाकता म्हणायची, “आज कंबर दुखतेय वाटतं ह्यांची.” आणि दुपारी बाबा घरी येऊन खरोखरच कंबर धरून बसायचे. आईला हे कसे कळायचे ते मी तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

भोंग्याच्या आधी बाबांना चहा पोचवण्याचे काम माझे होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. पुदिना आणि लीली चा, म्हणजे गवती चहा, घालून आई चहा उकळायची, पितळी कडीच्या डब्यात ओतायची आणि वर फडक्यात रात्रीचे बाजरीचे दोन रोटले आणि लसणाची चटणी. मी सायकलने निघायचो. बॉयलरखान्यात शिरले की आधी उन्हासारखी धग लागायची, मग कोळशाचा वास, आणि मग बाबांचा आवाज, “आलास? आधी खाली जा, मग चहा.”

खाली जा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण सगळे तिथेच घडले. बॉयलरमधून वाफ एका जाड नळातून रंगखात्यात जायची. रात्रभर तो नळ थंड पडला की आतल्या वाफेचे पाणी होऊन तळाला साठायचे. सकाळी त्यात एकदम वाफ सोडली तर ती पाणी पुढे ढकलत नेते आणि ते पाणी नळाच्या वळणावर घणासारखे आदळते. म्हणून वाफ सोडण्याआधी रंगखात्याच्या टोकाला असलेली निचऱ्याची चावी उघडायची, सगळे पाणी जाऊन कोरडी वाफ फुसफुसू लागली की ती बंद करायची आणि मगच बाबांनी मोठे चाक फिरवायचे, असा नियम होता. ती चावी जमिनीखाली एका खड्ड्यात होती, चार लोखंडी पायऱ्या उतरून. बाबांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. हाताखालचा माणूस निवृत्त झाल्यावर गिरणीने दुसरा दिला नव्हता. त्यामुळे सहा-सात महिने ती चावी मी उघडत होतो. चावी उघडून, बंद करून मी पान्याने नळावर दोन ठोके द्यायचो. बॉयलरखान्यात बाबा नळाला हात लावून उभे असत. दोन ठोके आले म्हणजे पाणी निघाले. लोखंडातून आलेला निरोप चुकत नाही, असे ते म्हणायचे. बाहेरच्या माणसाने, त्यातही मुलाने, आत येऊन चावीला हात लावणे नियमाबाहेर होते. सगळ्यांना माहीत होते आणि कुणीच काही म्हणत नव्हते.

रंगखात्यात त्या वेळी एकच माणूस असायचा, रमणभाई. ते चाकांना आणि पट्ट्यांच्या खुंट्यांना तेल घालायचे. माझ्या बाबांचे बसणे-उठणे त्यांच्याबरोबर होते. दुपारी दोघे एका डब्यात जेवत, रोटला आमचा आणि थेपले त्यांचे. मला ते ‘कॉलेजियन’ म्हणत आणि मी खड्ड्यात उतरलो की वरून विचारत, “शुं छे भाई, नीचे छोकरी संताडी छे के?” खाली मुलगी लपवलीय का, असे. मी लाजायचो. हातातला तेलाचा डबा हलवत ते स्वतःच हसायचे.

त्या दिवशी कॉलेजात वक्तृत्वाची स्पर्धा होती आणि मी पांढरी पँट घातली होती. माझी पहिली पांढरी पँट. आईने शिंप्याला दोनदा परत पाठवून शिवून घेतलेली. चहाचा डबा बाबांजवळ ठेवून मी रंगखात्यात गेलो. रमणभाई शिडीवर होते. मला बघून म्हणाले, “ओहो, आजे तो वरराजा आव्या. वरघोडो क्यां छे?” वरघोडो म्हणजे नवरदेवाची वरात. मी खड्ड्याशी आलो. आत घोटाभर निळे पाणी होते. कुठल्यातरी हौदाची गळती असावी. चावीपर्यंत जायचे तर त्यात उतरावे लागणार होते. मी पहिल्या पायरीवर उभा राहिलो. दुसरीवर गेलो. वरून रमणभाई म्हणाले, “जोजे, वरराजा वादळी न थई जाय.” वादळी म्हणजे निळा. मी खाली वाकलो, एका हाताने पायरीचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने पाना लांब करून नळावर दोन ठोके दिले आणि वर आलो.

चावी मी उघडली नाही. कधी कधी चावी उघडली तर पाव बादलीसुद्धा पाणी निघत नसे, नुसतीच वाफ यायची. आज तसेच असेल असे मला वाटले, असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मला काहीच वाटले नाही. मी पँट बघत होतो.

मी सायकल घेऊन दरवाज्यापर्यंत पोचलो तेव्हा नळात पहिला घण बसला. मग दुसरा. तिसऱ्याला वळणावरचा सांधा सुटला आणि वाफेचा आवाज सुरू झाला. तो थांबला तेव्हा बाबांनी चाक बंद केले असणार. मी परत आलो. रमणभाई जमिनीवर बसले होते, डावा हात अंगापासून लांब धरून, जसे आपण दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला धरतो तसे. ते ओरडले नाहीत. त्यांच्या मानेवर आणि हातावर काय झाले होते ते मी लिहीत नाही. बाबा लंगडत धावत आले. त्यांनी रमणभाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या पँटकडे. पँट स्वच्छ होती. “तू जा,” ते म्हणाले. “कॉलेजला जा. तू इथे नव्हतास.”

मी गेलो. स्पर्धेत बोललोही. विषय आठवत नाही. टाळ्या झाल्या हे आठवते. दुपारी बाहेर येऊन मी चाररस्त्यावर शेव-उसळ खाल्ली, वर पाव मागून घेतला, रस्सा तिखट होता. इतक्या वर्षांत मला ह्याचेच जास्त आश्चर्य वाटत आले आहे की मला भूक लागली होती.

संध्याकाळी बाबा घरी आले. हातपाय धुतले. आई रमणभाईंचे विचारत होती, ते सांगत होते, जीव वाचेल, हाताचे सांगता येत नाही. मग आई पाणी आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी मला विचारले, “ठोके तूच दिलेस ना?”

“हो,” मी म्हणालो.

“बरं.”

एवढेच. चावी उघडलीस का, असे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही. पुष्कळ वर्षे मी मनात ते उत्तर तयार करून पाहिले. प्रत्येक वेळी ‘हो’च आले.

गिरणीत नवे साहेब आले होते, बाहेरगावचे. त्यांना गुजराती येत नव्हते, मराठी तर नाहीच. चौकशी लागली आणि बाबांना लेखी जबाब इंग्रजीत द्यायला सांगितले. आमच्या गल्लीत इंग्रजी अर्ज लिहायचा म्हणजे तो मी लिहायचा, हे ठरलेले होते. रजेचे अर्ज, नळजोडणीचे अर्ज, बदलीचे अर्ज. लोक गाठियाचा पुडा घेऊन यायचे, मी ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट घालून द्यायचो. बाबांना त्याचा अभिमान होता. पुडा माझ्याआधी तेच सोडत.

रविवारी सकाळी चटई घातली. आई मटण शिजवत होती, रविवारी ते असायचेच, आणि शकू खिडकीत बसून खोबरे किसत होती. बाबा भिंतीला टेकून, गुडघा लांब करून बसले. त्यांनी आधीच सगळे ठरवून ठेवले होते.

“लिही. मी अमुक अमुक, इतकी वर्षं बॉयलरवर आहे. माझ्याविरुद्ध तक्रार नाही. लिहिलंस?”

“हो.”

“मी वाफ सोडण्याआधी नेहमी निचरा करतो. त्या दिवशी सांधा जुना असल्यामुळे सुटला असावा.”

“त्या दिवशी निचरा केला होता, असं लिहायचं का?” मी विचारले.

बाबांनी गुडघा चोळला. “नको. नेहमी करतो म्हटलं की त्यात सगळे दिवस आले.”

आई चुलीजवळून म्हणाली, “आणि जयू मदतीला येतो ते?”

“ते नाही लिहायचं. तो कुठे येतो? चहा देतो आणि जातो.”

मी कागदाकडे बघत होतो. ‘नेहमी’ला इंग्रजीत काय म्हणतात हे मला चौथी-पाचवीपासून माहीत होते. कॉलेजात सरांनी फळ्यावर शिडी काढून दाखवली होती. सगळ्यात वरच्या पायरीवर ऑल्वेज, तिच्याखाली युजुअली, मग ऑफन, मग समटाइम्स, आणि तळाशी नेव्हर. ऑल्वेज म्हणजे एकही दिवस न चुकता. युजुअली म्हणजे बहुतेक दिवस. युजुअली हा तसा सभ्य शब्द आहे. कुणावर आरोप करत नाही, कुणाला खोटे पाडत नाही. फक्त एखादा दिवस बाजूला ठेवायची सोय त्यात असते. तो बाजूला ठेवलेला दिवस कुठला, ते तो सांगत नाही.

माझ्या हातून ऑल्वेज लिहिले जाईना. ते खोटे होते आणि ते खोटे असल्याचे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होते. खरे सांगण्याची माझी तयारी नव्हती. मग मी मधले काहीतरी शोधले, जे कुणाला कळणार नाही आणि तरी खोटे असणार नाही. मी युजुअली लिहिले. तो शब्द मी चुकून लिहिला नाही. तो मी निवडला. माझ्या मनात तेव्हा अशीही एक कल्पना होती की मी थोडेसे कबूल केले आहे. बापाच्या नावाखाली, बापाला न येणाऱ्या भाषेत.

“वाच,” बाबा म्हणाले. मी इंग्रजीत वाचून दाखवले. ते मान हलवत ऐकत होते, एखादा सूर ओळखीचा लागतो का ते बघावे तसे. “ह्यातलं नेहमी कुठलं?”

मी शब्दावर बोट ठेवले. “युजुअली.”

“युजुअली म्हणजे नेहमी?”

“हो बाबा.”

“युजुअली,” ते म्हणाले. “युजुअली. बरा आहे शब्द. तोंडात बसतो.” जेवताना त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. शकूही म्हणू लागली. आईने रस्सा वाढताना विचारले, “अजून थोडा?” तर बाबा म्हणाले, “युजुअली.” सगळे हसले. मीही हसलो.

चौकशीच्या दिवशी मी त्यांना सायकलवर मागे बसवून नेले. साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाक होता, खिडकी उघडी होती. आत साहेब, जबाब वाचणारे आणि गुजरातीत सांगणारे कारकून, आणि समोर बाबा. त्यांनी बसायला दिलेली खुर्ची घेतली नव्हती. पागेतल्या माणसाचा मुलगा साहेबासमोर बसत नाही, असे त्यांचे होते. साहेबांनी कागद वाचला, एका जागी बोट थांबले. त्यांनी इंग्रजीत विचारले, तुम्ही वाफेआधी प्रत्येक वेळी निचरा करता का? बाबांनी त्यातला ‘ड्रेन’ एवढा शब्द ओळखला. कारकुनाने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “युजुअली, सर.”

साहेबांनी वर पाहिले. “युजुअली?”

“युजुअली, सर,” बाबा पुन्हा म्हणाले. ह्या वेळी मोठ्याने, टाचा जुळवून.

कारकून हळूच गुजरातीत म्हणाले, “काका, जरा विचारीने बोलो.”

“विचार करूनच बोलतोय भाई. इतकी वर्षं युजुअली.”

मी बाकावर होतो. खिडकी हाताच्या अंतरावर होती. उठून आत जायला चार पावले. आत जाऊन म्हणायचे की साहेब, ह्यांना तो शब्द येत नाही, तो मी लिहिलाय. त्यापुढचा प्रश्न आला असता, का लिहिलास? मी बाकावरच्या एका फटीत अडकलेले बिडीचे टोक बघत बसलो. ते अजून दिसते.

बाबांची नोकरी गेली नाही. बॉयलर गेले. त्यांना दरवाज्यावर बसवले, सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या बघायला. सकाळचा भोंगा दुसरा माणूस वाजवू लागला. त्याचा भोंगा सरळ चढायचा आणि सरळ थांबायचा. आई पहिले काही दिवस तवा टाकायला विसरायची. बाबांची पाळी आता नऊची होती, त्यामुळे सातला ते घरीच चहा घेत असत. भोंगा सुरू झाला की कप खाली ठेवत आणि तो संपल्यावर पुन्हा उचलत.

मग त्या दसऱ्याला तलवार निघाली, सोने द्यायला माणसे आली, आणि बाबांनीच पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. “आमच्या जयूचं इंग्रजी,” ते म्हणाले. “नेहमीला काय शब्द घातला, तर युजुअली. म्हणजे काय, तर अधूनमधून विसरतो. एका शब्दात बापाला बॉयलरवरून दरवाज्यावर आणलं पोरानं.” लोक हसले. माझ्या पाठीवर थापा पडल्या. रमणभाईही आले होते, हात अजून बांधलेला. त्यांनीच नाव पाडले. “आवो आवो, युजुअली मास्तर,” म्हणाले, आणि चांगल्या हाताने मला लीला, म्हणजे ओला, चिवडा दिला.

त्यांची बोटे पुढे वाकलेलीच राहिली. तेलाचे काम गेले, मुलाच्या दुकानात बसू लागले. दर दिवाळीला घरी यायचे, ते वारेपर्यंत. चहाचा कप ते उजव्या हाताने धरत आणि बशी डाव्या मनगटावर ठेवत. मी ती बशी बघायचो आणि त्यांना म्हणायचो, “काका, अजून थोडा?” ते म्हणायचे, “युजुअली.” तो आता आमच्या घरातला शब्द झाला होता. माफीसारखे काहीतरी मी प्रत्येक दिवाळीला घशापर्यंत आणत असे. मग चहा संपायचा.

मी इंग्रजीचा मास्तर झालो ह्याचे श्रेयही लोक त्याच गोष्टीला देतात. चूक लागली म्हणून जिद्दीने शिकला, असे. चौतीस वर्षे मी फळ्यावर ती शिडी काढली. दुसऱ्या पायरीवर आलो की खडू थांबायचा असे लिहिले तर चांगले वाटेल, पण तसे होत नसे. मी नीट शिकवायचो. हा शब्द क्रियापदाच्या आधी येतो, सवयीबद्दल बोलतो, ह्यात अपवादाला जागा असते. मुले वाक्ये करायची. माझे वडील युजुअली सहाला उठतात. माझी आई युजुअली रागावत नाही. मी वह्या तपासायचो, बरोबरची खूण करायचो. काही वाटायचे नाही. ते काही न वाटणे हीच माझी तब्येत आहे असे पुढे पुढे वाटू लागले.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आजारात त्यांनी मला काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही.

गेल्या महिन्यात समा भागात शकूच्या घरी तिच्या नातवाचा साखरपुडा झाला. नवी मुलगी शेजारी बसली होती, आणि शकूने तिला ती गोष्ट सांगितली. हाताचे हावभाव, बाबांची टाच, सगळे. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “पण आजोबा, तुम्ही तर टीचर होतात ना?” मी म्हणालो, “हो, त्यानंतर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा शकूकडे गेलो. ती गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो, चार शेंगा हातात घेतल्या आणि सांगितले. पँट, निळे पाणी, दोन ठोके, शब्द. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत. इतकी वर्षे ती गोष्ट एवढीशीच होती.

शकू सोलत राहिली. मग म्हणाली, “दादा, तुझं इंग्रजी कच्चं होतं असं मला बाबांनी सांगायला लावलं.”

“म्हणजे?”

“दरवाज्यावर बसायला लागले ना, तेव्हा. मला शाळेत सोडताना म्हणाले, कुणी विचारलं तर सांगायचं, दादाचं इंग्रजी कच्चं आहे. मी म्हटलं, पण दादाचं इंग्रजी तर पहिल्या नंबराचं आहे. तर म्हणाले, म्हणूनच.”

मी हातातली शेंग खाली ठेवली.

“मला काय कळणार बारा वर्षांची असताना,” ती म्हणाली. “बाबांनी सांगितलं म्हणून सांगत आले. पुढे ती सवयच झाली. लोक हसायचे, बरं वाटायचं.” तिने सालांची परात माझ्याकडे सरकवली. “रमणकाकांना माहीत होतं?”

“नाही. मला ठाऊक नाही.”

“बाबांना होतं.”

“हो.”

तिने आणखी चार शेंगा सोलल्या. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होते. मग तिने विचारले, “मग आता मी काय सांगायचं?”

मी घरी परतलो. आठ-दहा दिवस गेले. नवी मुलगी लवकरच घरात येईल, पुन्हा चार माणसे जमतील, जेवणे होतील आणि कुणीतरी शकूला म्हणेल, ते युजुअलीचं सांगा ना. तेव्हा तिच्या हातात काहीतरी असावे म्हणून मी हा जबाब पुन्हा लिहितो. ह्या वेळी मराठीत, म्हणजे बाबांनाही वाचता आला असता असा.

माझे वडील वाफ सोडण्याआधी नेहमी निचरा करून घेत. त्या सकाळी निचऱ्याची चावी उघडण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती उघडली नाही. उघडल्याचे दोन ठोके मात्र दिले. ते ठोके ऐकून त्यांनी वाफ सोडली, आणि रमणभाईंचा हात गेला. जबाबातला शब्द चुकलेला नव्हता.